माझ्या तोंडातला बांबू

मित्रांनो, मी एक जुना पाईप आहे. बिडाचा, काळा, आणि आता तर अर्धा गंजका. संडासाचा पाईप म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि मला राग लवकर येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी घाण वाहत नाही. घाण वाहणारा वेगळा होता, चिनी मातीचा. तो तळघराच्या फरशीखाली आडवा झोपलेला असायचा. मी उभा. तळघरातल्या संडासापासून निघतो आणि सरळ गच्चीवर डोकं काढतो. माझं काम एकच, हवा देणं. हवा काही दिसत नाही, म्हणून माझं काम कोणाला काम वाटतच नाही.

माझा जन्म इंदौरच्या सांवेर रोडवरच्या एका छोट्या फाउंड्रीतला. वितळलेलं लाल लोखंड रेतीच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर साचा फोडला, आणि बाहेर पडलो मी. मतलब तेव्हा मी एक नव्हतो, सहा-सहा फुटांचे चार तुकडे होतो. टेम्पोत आडवे पडून आम्ही लोकमान्य नगरला आलो. तिथे मिस्त्रीने एकाचं तोंड दुसऱ्यात घातलं, सांध्यात ताग ठोसला, वरून गरम शिसं ओतलं. चटका असा बसला की विचारू नका. पण तेव्हापासून आम्ही चार नाही, मी एक. शेवटी डोक्यावर जाळीची टोपी चढवली. ऐट होती माझी, सही में.

घर पांडुरंगजींचं. ते एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. घर उतारावर आहे. पुढून यायचं तर नऊ पायऱ्या चढा, मागच्या बॅकलेनमधून आलं तर एक पण पायरी न चढता सरळ तळघरात. तळघरात एक खोली आणि एक संडास, भाड्याने द्यायला. मिस्त्री तर मला लावायलाच तयार नव्हता.

"साब, ये ऊपर तक पाइप काय के लिए? फालतू खर्चा."

पांडुरंगजींनी त्याला तिथल्या तिथे दाखवलं. पाण्याने भरलेली बाटली उलटी धरली. पाणी गुडगुड करत, अडखळत पडलं. "हे बघ, हवा आत शिरायला भांडून राहिली आहे," ते म्हणाले. "वरच्या संडासातून धाडकन पाणी सुटतं न, ते मागे हवा ओढतं. हवा मिळाली नाही, तर खालच्या भांड्यातलं पाणी ओढून नेतं. ते पाणी म्हणजे झाकण आहे. झाकण गेलं की गटाराची सगळी गॅस खोलीत. याला सायफन म्हणतात."

मिस्त्री म्हणाला, "जो म्हणतात सो म्हणतात," आणि मला लावून टाकलं. पांडुरंगजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझं पहिलं कौतुक. बरीच वर्षं पुरलं मला ते, कारण दुसरं कोणी केलंच नाही.

तरी दिवस मजेचे होते. खालून मला तळघरातलं ऐकू यायचं, वरच्या तोंडाने मी सगळं बघायचो. संक्रांतीला पतंग. रंगपंचमीला शेजारच्या गच्चीवरून उडालेला गुलाल, एकदा तर तो थेट माझ्या जाळीत. मी शिंकलो, तळघरातला किरायेदार घाबरून बाहेर पळाला. एक कबुतर रोज माझ्या टोपीवर बसून घाण करायचं, त्याच्यावर मी फार चिडायचो. आता वाटतं, बसू द्यायचं होतं त्याला.

मग ती गुढी आली.

गुढी आधी पुढच्या खिडकीत उभी करायचे. मी मागच्या बाजूला, म्हणून मी ती कधी बघितलीच नव्हती. एका पाडव्याला जोराची हवा सुटली आणि गुढी खिडकीतून सुटून रस्त्यावर आडवी पडली. पांडुरंगजींची बायको, इंदुमतीबाई, त्या दिवशी जेवल्या नाहीत. वर्षभर मनात धरून बसल्या. पुढच्या वर्षी त्या आजारीच होत्या, पलंगावरून उठवत नव्हतं. त्यांनी गच्चीकडे तोंड करून आवाज दिला तो मला अजून आठवतो.

"अहो, या वर्षी तरी पडू देऊ नका हो."

"नाही पडणार, इंदू. अशी गाडतो की भूकंप आला तरी हलणार नाही."

हातात बांबू घेऊन ते गच्चीभर फिरले. कठड्याला टेकवून बघितला, टाकीला बांधून बघितला. शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली. गोल, उभा, पक्का. त्यांनी माझी टोपी काढली आणि बांबू तोंडात घातला. तो जरा हलत होता, म्हणून इंदुमतीबाईंच्या जुन्या हिरव्या साडीचा पट्टा फाडून चारी बाजूंनी ठोसला. वरून सिमेंट थापलं, थापीने गुळगुळीत केलं. लॅबवाला माणूस, काम एकदम साफ.

सायफन शिकवणारा माणूस! मी ओरडायला गेलो, पण तोंडात कापड होतं.

गुढी पडली नाही. संध्याकाळी तिचं पातळ, तांब्या, साखरेची गाठी उतरवली, पण सिमेंटमधला बांबू निघेना, म्हणून तो तसाच राहिला. दिवाळीच्या आधी इंदुमतीबाई गेल्या. नंतर सुनेने, स्मिताने, त्याच बांबूला कपड्यांची दोरी बांधली. दुखवट्याचं एक वर्ष सोडलं तर दर पाडव्याला गुढी पण त्याच्यावरच. मतलब सगळं घर माझ्या डोक्यावर उभं, आणि मी आत अंधारात.

मित्रांनो, तोंड बंद असलं की काय होतं, ते ज्याचं बंद असतं त्यालाच कळतं. वर स्मिता नाहीतर तिचा नवरा आशिष फ्लश दाबायचे. पाणी खाली धावायचं, मला म्हणायचं हवा दे, हवा दे. कुठून देऊ? मग ते तळघराच्या भांड्यातलं पाणी खेचायचं, गुडगुड करत. झाकण रिकामं. गॅस खोलीत.

तेव्हा तळघरात शिकायला आलेली दोन पोरं राहायची. त्यांनी वासाची तक्रार केली, तर आशिष म्हणाला, "अरे, तुम्ही पाणी टाकत नाही." ते म्हणाले टाकतो. कोण ऐकतो? लॉकडाऊनमध्ये पोरं गावी गेली ती आलीच नाहीत. खोलीला कुलूप लागलं. मी आणि ती घाणेरडी हवा, दोघंच राहिलो.

मागच्या दिवाळीत पांडुरंगजी पडले, कमरेखालचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. नऊ पायऱ्या चढणं बंद. मग कुलूप उघडलं, खोली रंगवली आणि त्यांना तळघरात आणलं. ते खूश होते. वॉकर टेकत मागच्या दाराने निघायचे, बॅकलेनमधल्या बाकावर दोस्तांबरोबर बसायचे. शहराने ती गल्ली इतकी चकाचक केली आहे की लोक तिथे फोटो काढतात.

आठ दिवसांत वास सुरू.

स्मिता बाई वाईट नाही. पण तिच्या ओट्याखाली कचऱ्याचे सहा डबे, गाडी यायच्या आत सहाही वेगवेगळे भरलेले. आख्ख्या देशात आमच्या शहराचा पहिला नंबर साफसफाईचा, आणि हिच्याच घरात गटाराचा वास. तिला लाज वाटायची. लाज वाटली की माणूस चिडतो, मला माहीत आहे, मी पण तसाच.

"बाबा, दोनदा फ्लश दाबत जा हो."

"तीनदा दाबतो."

"मग वास काय मी आणते?"

"तू ते फिनाईल ओततेस न, त्याने वाढतो."

"घ्या! साफ पण मीच करायचं आणि घाण पण मीच."

आशिष सांवेर रोडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने प्लंबर बोलावला, श्रीकृष्ण. बुटका, पान खाणारा, हुशार माणूस. त्याने फरशी फोडली. खाली माझा चिनी मातीचा भाऊ तीन ठिकाणी तडकलेला निघाला, आत झाडाची मुळं केसांसारखी. त्याचे तुकडे पोत्यात भरताना मी ऐकले. खण्, खण्. इतकी वर्षं आम्ही शेजारी, एकदाही भेटलो नाही. त्याच्या जागी नवीन पीव्हीसीचा पाईप टाकला, गुळगुळीत, तोंडात बोट घातलं तरी न चावणारा. दोन दिवस सगळे खूश.

तिसऱ्या दिवशी पुन्हा गुडगुड, पुन्हा वास.

आणि मग खरं वाईट झालं. आतापर्यंत शक होता, आता खात्री झाली. पाईप नवीन, तरी वास, मतलब बाबाच. कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण स्मिता आत यायच्या आधी नाकाला ओढणी लावायची. पांडुरंगजींचं डोकं दुखायचं, दिवसा पण झोप यायची. सगळे म्हणाले वय झालं. बाकावरचे दोस्त आधी आत येऊन चहा प्यायचे, आता दारातूनच बोलायचे. एकाने थट्टा केली, "पांडुरंग, यार, तू तो महू चला जा. वहां की हवा अच्छी है." पांडुरंगजी पण हसले. दार लागल्यावर त्यांनी पुन्हा फ्लश दाबला.

थट्टा खरी होती. महूला त्यांची मुलगी शर्वरी राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आशिषने ठरवून टाकलं, रंगपंचमी झाली की बाबांना तिकडे सोडायचं.

"शर्वरी घरीच असते बाबा, ती सगळं बघेल."

"तिसऱ्या मजल्यावर मला चढवशील तू, खांद्यावर. उतरवणार कोण?"

"आता उतरायचं काय आहे बाबा?"

आशिष पटकन बोलून गेला. नंतर त्याला कळलं असेल, कारण तो लगेच निघून गेला. पण मी ऐकलं आणि माझं लोखंड गार पडलं. वर नेऊन बसवतील, खाली यायचा रस्ता बंद. भिया, हे तर माझंच झालं.

त्या दिवसापासून पांडुरंगजी बदलले. त्यांनी लॅबमधली काचेवर लिहायची लाल पेन्सिल शोधली, ती काठीच्या टोकाला बांधली, कारण वाकता येत नव्हतं. संडासासमोर स्टूल टाकून बसले आणि भांड्यातल्या पाण्याच्या रेषेवर खूण केली. लॅबवाल्यांची सवय, सगळं मोठ्याने बोलायचं. म्हणून मला पण कळायचं.

"निरीक्षण एक. सकाळचे सात. पाणी रेघेवर."

वर कोणीतरी फ्लश दाबला. गुडगुड, गुडगुड.

"निरीक्षण दोन. मी हात लावलेला नाही. पाणी दोन बोटं खाली."

बारा दिवस असं चाललं. रोज त्यांचा आवाज थोडा तरुण व्हायचा. मी आतून ओरडत होतो, काकाजी, अजून एक पायरी, विचार करा न, हवा का नाही मिळत! पण माणूस आपलंच केलेलं विसरतो, आणि तेच नेमकं सापडत नाही.

रंगपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सामान भरलं. आणि आशिषने जाता जाता हिशेब मिटवावा तसं श्रीकृष्णला बोलावलं, झापायला.

"काय काम केलं तू? नवीन पाईप आणि वास तसाच!"

"भिया, मेरा जोड़ सूंघ के देख लो. एक बूंद नहीं टपकती. मेरे पे मत डालो."

तेव्हा पांडुरंगजी म्हणाले, "महूला जातो. भांडत नाही. फक्त पाच मिनिटं द्या. स्मिता, तू इथे उभी राहा, भांड्यात बघ. आशिष, तू वर जा आणि फ्लश दाब."

"बाबा, गाडी उभी आहे."

"गाडी उभी राहते. तिला पायऱ्या नाही चढायच्या."

आशिष पाय आपटत वर गेला. स्मिता ओढणी नाकाला लावून उभी राहिली. वरून पाणी सुटलं. मला तो झटका बसला, खाली गुडगुड झाली, आणि स्मिताची ओढणी नाकावरून सरकली असेल, कारण तिचा आवाज एकदम मोकळा आला.

"अरे! पाणी खाली गेलं. बाबा, कोणी काही केलं नाही आणि पाणी गेलं!"

"रेघ मोज. दोन बोटं."

तिने रेघ मोजली. मग हळूच म्हणाली, "मतलब इतके महिने तुम्ही..."

"तीनदा दाबत होतो," पांडुरंगजी म्हणाले.

श्रीकृष्णने पान थुंकलं ते बाहेर जाऊन, बॅकलेनची इज्जत ठेवून कागदात. परत येऊन विचारलं, "बाबूजी, हवा का पाइप लगवाया था कि नहीं?"

"लगवाया था म्हणजे काय! भांडून लावून घेतला. गच्चीवर बघ, जाळीची टोपी असेल त्याला."

बघा मित्रांनो. खरंच विसरले होते.

पावलं वर आली. आशिष, स्मिता, श्रीकृष्ण. माझ्या बांबूवर ओले कपडे वाळत होते.

"भाभीजी, ये बांस किसने गाड़ा?"

"तो गुढीचा आहे. आधीपासूनच आहे."

"गुड़ी का? वेंट में?" श्रीकृष्ण गच्चीवर खाली बसून हसला. "पूरे इंदौर के पाइप खोले मैंने. किसी में गेंद निकली, किसी में चिड़िया का घोंसला. गुड़ी वाला पहली बार!" मग म्हणाला, "कपड़े उतारो भाभीजी, इसका दम घुट रहा है."

सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हटलं, याचा दम घुटतो आहे. माझी सगळी चिड एका वाक्यात उतरली.

त्याने छन्नी लावली. सिमेंटचे तुकडे आत पडू नयेत म्हणून एक हात खाली धरला. ठक, ठक. बांबू पिळला, ओढला. आशिषने पण धरला. आणि मग तो सुटला, हिरवं कापड ओढतच बाहेर आला. सहा वर्षं पोटात दाबलेली हवा मी एकदम सोडली, नेमकी स्मिताच्या तोंडावर. "ई बाई!" करत ती टाकीच्या मागे पळाली. माफ करा, पण थोडंसं मुद्दाम होतं ते.

आणि उजेड! मोठा, पांढरा, दुपारचा. मी श्वास घेतला. खाली तळघरातल्या भांड्यात पाणी शांत उभं राहिलं.

स्मिता ते कापड हातात घेऊन खाली गेली. वरून मला ऐकू येत होतं, आता दोन्ही टोकांनी.

"बाबा, माझीच चूक हो. मी तिथे दोरी बांधली. रोज कपडे वाळत घालायचे, एकदा पण बघितलं नाही. आणि तुम्हाला काय काय..." ती रडत होती.

पांडुरंगजींना गप्प बसता आलं असतं. कोणाला काही माहीत नव्हतं. बांबू "आधीपासूनच" होता. सून माफी मागत होती, महू टळलं होतं. मी वाट बघत राहिलो. खरं सांगू? तो एक क्षण मला सहा वर्षांपेक्षा लांब वाटला.

"कापड दाखव," ते म्हणाले.

मग कापडावरून बोटं फिरल्याचा आवाज.

"दोरी तू बांधलीस. तोंड मी बंद केलं. ही इंदूची साडी आहे. तिची गुढी पडू नये म्हणून." त्यांनी कापडाची घडी मांडीवर ठेवली. "बावीस वर्षं पोरांना सायफन शिकवला स्मिता. बावीस वर्षं. आणि ती भाड्याने राहणारी पोरं... त्यांना आपण घाण म्हटलं. त्यांचा नंबर असेल का ग कोणाकडे?"

आशिष जिन्यात उभा होता. त्याने फोन लावला. "शर्वरी, बाबा येत नाहीयेत. नाही ग, भांडण नाही झालं. पाईप होता." मग गाडीतून सामान काढायला गेला. संध्याकाळी त्याने स्वतः संडास घासला. काही लोकांची माफी अशीच असते.

श्रीकृष्णने मला नवीन टोपी घातली, दोन सांधे पक्के केले, म्हणाला बीड आहे, अजून दहा-वीस वर्षं चालेल. नंबर पण सापडला. एक पोरगा आता पुण्याला नोकरी करतो. पांडुरंगजींनी त्याला फोन केला, स्वतःचं नाव सांगितलं आणि सरळ म्हणाले, "बेटा, पाणी तू टाकत होतास."

दहा दिवसांनी पाडवा आला. आशिष आणि श्रीकृष्णने पांडुरंगजींना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून गच्चीवर आणलं. "बाबूजी, वजन कम करो, श्रीखंड आज मैं खाऊंगा," श्रीकृष्ण धापा टाकत म्हणाला. मग स्मिता तोच बांबू घेऊन आली. पाच वर्षांची सवय. ती सरळ माझ्याकडे चालत आली.

मित्रांनो, माझं शिसं वितळायची वेळ आली.

ती माझ्याजवळ थांबली. माझ्या टोपीवर हात ठेवला, जसा कधीतरी पांडुरंगजींनी पाठीवर ठेवला होता. आणि पुढे गेली. कोपऱ्यात रंगाची मोठी बादली होती, रेती आणि विटांनी भरलेली. बांबू त्यात रोवला. जरा हलत होता. पांडुरंगजींनी मांडीवरचं हिरवं कापड पुढे केलं, धुतलेलं, सिमेंटचे डाग तसेच. "हे ठोस चारी बाजूंनी. ते काम येतं त्याला."

माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या गच्चीवर एखादा पाईप रिकामा उभा दिसेल. त्याच्यात काठी खोचू नका, दोरी बांधू नका, बोळा कोंबू नका. तो रिकामा नाही, तो कामावर आहे. आणि घरात खाली कोणी गुदमरत असेल, त्याच्या खोलीला वास येत असेल, तर नाकाला ओढणी लावायच्या आधी एकदा वर जाऊन बघा, की त्याची हवा कोणी बंद केली आहे. बहुतेक वेळा आपणच केलेली असते, आणि तीही मायेने.

मग त्यांनी गुढी उभी केली. जरीचं पातळ, कडुनिंब, गाठी, वर चमकणारा तांब्या. पाच वेळा ती माझ्या तोंडात उभी होती आणि मी तिला कधी बघितली नव्हती. हवा सुटली, पातळ फडफडलं. पांडुरंगजी खुर्चीतून बघत होते, मी जाळीतून.

पडली नाही.